विहिरीच्या पाण्याला प्रकाशाची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी यांच्या दक्षिण तीरावर मंडणगड तालुका वसलेला आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, जांभ्या दगडाची जमीन आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, असे या भागाचे रूप आहे. एवढे पाणी आकाशातून पडूनही वैशाखात विहिरी तळ गाठतात, हे कोकणचे जुनेच दुःख होय. टंचाईच्या बैठकांतून त्याची चर्चा दरवर्षी होते. परंतु विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, त्या महिन्यांचा प्रश्न निराळा आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर गोठ्यातील, शोषखड्ड्यांतील आणि उघड्या माळावरील घाण झिरपत झिरपत विहिरीपर्यंत पोहोचावयास फार काळ लागत नाही. पाणी मात्र दिसावयास निर्मळच असते.

हे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची रीत पंचायत सदस्यांना ठाऊक आहे. जलसुरक्षक टीसीएल पावडरचा डोस घालतो, ओटी चाचणीने क्लोरिनचा अंश पाहतो आणि पाण्याचा नमुना तपासणीला जातो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्रोतांचे सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. गावातल्या गावात जंतुतपासणी करावयाची तर हायड्रोजन सल्फाइडची बाटली आहे. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही सोपी चाचणी पुढे जगभर गेली. बाटलीत पाणी भरून ठेवावयाचे. काळे पडले तर ते दूषित. या चाचणीचे मोल मोठे आहे. तथापि तिला २४ ते ४८ तास लागतात. प्रयोगशाळेतील रीतसर तपासणीलाही जंतूंची वाढ होऊ देण्यासाठी जवळजवळ तेवढाच काळ द्यावा लागतो, आणि नमुना तिथवर पोहोचविण्याचा वेळ वेगळाच. सोमवारी सकाळी घेतलेल्या नमुन्याचा निकाल बुधवारी हाती येतो, तोवर ते पाणी दोन दिवस प्यायले गेलेले असते.

याच सावित्रीच्या खोऱ्यात, नदीपलीकडे महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क असावा, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. सर्वांच्या वाट्याला येणारे ते पाणी सुरक्षित आहे की नाही, हे वेळेवर कळावे, हा आजचा प्रश्न आहे आणि तो सोडविण्यासाठी शास्त्रज्ञ ज्या साधनांकडे वळले आहेत, त्यांपैकी एक म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने जंतू ओळखणारी चिप. नखाएवढ्या काचेच्या वा सिलिकॉनच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडावा आणि त्यात अमुक जंतू आहे की नाही, हे काही मिनिटांत समजावे, अशी ही कल्पना. ती कितपत साधली आहे आणि कोठे अडली आहे, हे समजून घेण्यास प्रथम प्रकाशाचा एक जुना गुण लक्षात घ्यावा लागेल.

पाण्याच्या धारेत कोंडलेला प्रकाश

हा गुण शिक्षकांना वर्गातच दाखविता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक छिद्र पाडावे, बाटली पाण्याने भरावी, खोली अंधारी करावी आणि छिद्राच्या विरुद्ध बाजूने लेसर टॉर्चचा झोत छिद्रावर रोखावा. झोत कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, ही दक्षता मात्र हवी. छिद्रातून बाहेर पडणारी पाण्याची धार वाकून खाली येते आणि प्रकाशही तिच्याबरोबर वाकून खाली येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा प्रयोग करून दाखविला होता. प्रकाश खरोखर वाकत नाही. पाण्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा अधिक असल्यामुळे, तिरप्या कोनाने पृष्ठभागावर येणारा किरण बाहेर न पडता पुन्हा आत परततो आणि असा आदळत आदळत धारेबरोबर पुढे सरकतो. शालेय पुस्तकांत यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हटले आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंह कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा पाठविण्याचे संशोधन प्रसिद्ध केले, त्यामागेही हेच तत्त्व होते. आज गावोगावी आलेली इंटरनेटची केबल याच तत्त्वावर चालते.

परंतु 'पूर्ण' या शब्दात थोडी फसगत आहे. किरण पृष्ठभागावरून परत फिरतो त्या ठिकाणी त्याची एक अत्यंत पातळ, वेगाने विरून जाणारी लहर काचेबाहेर डोकावते. ती फार दूर जात नाही. दृश्य प्रकाशाच्या बाबतीत शे-दोनशे नॅनोमीटरांतच ती नाहीशी होते. मिलिमीटराचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर, हे ध्यानात घेतले म्हणजे हा थर किती पातळ असेल, याची कल्पना येईल. अंगणातल्या ओट्यापलीकडे पाऊल न टाकणारा, पण ओट्याला लागून कोण उभे आहे हे हाताने चाचपून पाहणारा राखणदार, असे या लहरीचे वर्णन करावयास हरकत नाही. काचेला चिकटून काही आले तर ते तिला समजते. दूरच्या पाण्यात काय आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

हा संकोचच येथे उपयोगी पडतो. पाण्यात किंवा रक्तात हजार पदार्थ असतात. त्यांपैकी हवा तेवढाच पदार्थ काचेजवळ खेचून धरला आणि बाकीच्यांना वाहून जाऊ दिले, तर विरत्या लहरीत जो बदल होईल तो त्या एकाच पदार्थामुळे झालेला असेल. हे खेचून धरण्याचे काम प्रतिपिंडांकडून करून घेतले जाते. शरीरात एखादा जंतू शिरला म्हणजे त्याला ओळखून पकडणारी ही प्रथिने शरीर तयार करते. प्रत्येक प्रतिपिंडाची पकड ठरावीक लक्ष्यापुरती असते. ई-कोलाय या जंतूला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचा थर काचेवर बसविला, की तो पृष्ठभाग ई-कोलायची वाट पाहत बसतो.

जीवद्रव्याची ओळख आणि यंत्राचे मोजमाप यांची अशी सांगड घालणाऱ्या साधनांना जीवसंवेदक म्हणतात. त्यांचा प्रारंभ अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांच्यापासून मानला जातो. १९६२ मध्ये त्यांनी विद्युत्-अग्रावर विकर बसवून ग्लुकोज मोजण्याची रीत सुचविली. घरोघरी रक्तातील साखर मोजणारी छोटी यंत्रे हे तिचेच वंशज होत. प्रकाशाच्या बाबतीत १९८३ हे वर्ष महत्त्वाचे. स्वीडनमधील लिडबर्ग, निलांडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी त्या वर्षी सोन्याच्या पातळ पत्र्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या साहाय्याने प्रतिपिंडांची जुळणी प्रत्यक्ष टिपून दाखविली आणि १९९० मध्ये या तत्त्वावरचे यंत्र बाजारात आले. ही यंत्रे औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळांत आजही आहेत. पण त्यांचा आकार, किंमत आणि निगा पाहता तालुक्याच्या ठिकाणी ती ठेवण्याचा विचार कोणी करणार नाही.

पवई येथील वाकविलेला तंतू

तालुक्याच्या ठिकाणी नेता येईल असे साधन बनविण्याचा एक लक्षणीय प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. सौम्यो मुखर्जी, प्रा. तपनेंदु कुंडू, व्ही. व्ही. आर. साई आणि त्यांचे सहकारी यांनी प्रकाशतंतूचा एक छोटा तुकडा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकवून त्याचाच संवेदक केला. तंतूचे बाहेरचे आवरण तेवढ्या भागापुरते काढून टाकले, म्हणजे गाभा उघडा पडतो आणि विरती लहर थेट पाण्यात डोकावू लागते. तंतू वाकविल्याने बाकावर किरण अधिक तिरपे होऊन ही लहर आणखी खोल शिरते व संवेदनशीलता वाढते. म्हटले तर युक्ती साधीच. पण तिच्यामुळे महागड्या लोलकाची व सूक्ष्म जुळवाजुळवीची गरज बऱ्याच अंशी टळली. या गटाने २००९ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप दिलेल्या अशा तंतूचे काम प्रसिद्ध केले.

२०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पुढचे काम पाण्याच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. त्यात सोनेही नव्हते. प्रथिने २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषून घेतात, आणि जंतूच्या शरीरात प्रथिने भरपूर असतात. तेव्हा तंतूवर जंतू पकडला गेला की तंतूतून पलीकडे पोहोचणारा अतिनील प्रकाश तेवढा कमी होणार. जंतूला रंग लावावा लागत नाही की कोणते रसायन चिकटवावे लागत नाही. अतिनील प्रकाशाचा एक छोटा दिवा, वर्णपटमापक आणि २०० मायक्रोमीटर जाडीच्या गाभ्याचा वाकविलेला तंतू, एवढ्या सुटसुटीत मांडणीने या संशोधकांनी एका मिलिलिटरात एक हजाराहून कमी ई-कोलाय जंतू असले तरी ते ओळखता येतात, असे दाखविले. या आकड्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

तंतू हातांनी वाकवावा लागतो, आणि प्रत्येक बाक तंतोतंत सारखा येणे कठीण. म्हणून जगभरच्या अनेक प्रयोगशाळांनी हेच काम सिलिकॉनच्या सपाट चकतीवर करावयास घेतले. संगणकाच्या चिपा ज्या पद्धतीने छापल्या जातात, त्याच पद्धतीने प्रकाशाच्या वाटा छापता येतात आणि एका चकतीवर शेकडो एकसारख्या चिपा निघतात. पवई येथे आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केंद्र शासनाच्या साहाय्याने २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली. अशा सूक्ष्म रचना घडविण्याची सोय त्यामुळे देशातच होऊ लागली, हे येथे नमूद केले पाहिजे.

कड्याभोवतीची प्रदक्षिणा

या चिपांपैकी सर्वांत संवेदनशील समजल्या जाणाऱ्या एका प्रकाराची रचना मोठी मनोवेधक आहे. चिपेवर सिलिकॉनची एक सरळ वाट असते. रुंदी सुमारे अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तिला अगदी लागून, पण न चिकटता, एक गोल कडे असते. सरळ वाटेने जाणाऱ्या प्रकाशातील काही भाग कड्यात ओढला जातो आणि तेथे फेऱ्या घालू लागतो. परंतु कोणत्याही तरंगलांबीच्या प्रकाशाला हे जमत नाही. ठरावीक आकाराचे मणी एका बांगडीत ओवावयाचे झाले, तर बांगडीच्या घेरात पूर्ण संख्येने मणी बसले पाहिजेत. अर्धा मणी बसविता येत नाही. प्रकाशाच्या लहरींचेही तसेच. ज्या तरंगलांबीच्या लहरी कड्याच्या घेरात पूर्ण संख्येने बसतात, तेवढीच तरंगलांबी कड्यात टिकते. या अवस्थेला संस्पंदन म्हणतात. सरळ वाटेच्या दुसऱ्या टोकाला पाहणाऱ्या यंत्राला तेवढ्याच तरंगलांबीचा प्रकाश कमी झालेला दिसतो.

आता कड्यावर बसविलेल्या प्रतिपिंडांनी एखादा रेणू पकडला, तर काय होते? सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.५ च्या आसपास, पाण्याचा १.३३, आणि जीवद्रव्याचा पाण्याहून थोडासा अधिक. पकडलेल्या रेणूने तेथले पाणी बाजूला सारून ती जागा घेतली, की प्रकाशाच्या दृष्टीने कड्याचा घेर किंचित वाढतो आणि त्यात बसणारी तरंगलांबी तेवढीच सरकते. शिवाय प्रकाश कड्याभोवती पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे तोच रेणू त्याला प्रत्येक प्रदक्षिणेत भेटतो. सरळ वाटेवर जी भेट एकदाच झाली असती, ती येथे अनेकदा होते. लांबच लांब संवेदकाचे काम एवढेसे कडे करते, ते यामुळे. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २००७ मध्ये पाच मायक्रोमीटर त्रिज्येच्या सिलिकॉन कड्यावर प्रथिनांची जुळणी टिपली. २००९ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील रायन बेली यांच्या गटाने कर्करोगाशी संबंधित एक प्रथिन रक्तद्रवासारख्या मिश्रणातून याच मार्गाने मोजून दाखविले.

तरंगलांबीतील हे सरकणे पिकोमीटरांत मोजावे लागते, आणि पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटराचा हजारावा भाग. एवढे बारीक मोजणारे साधन बारीकसारीक गोष्टींनी बिचकते, हे ओघानेच आले. सिलिकॉनचे कडे एका अंश सेल्सिअसने तापले, तर तरंगलांबी सुमारे ७० पिकोमीटरांनी सरकते; कित्येकदा जंतूमुळे होणारे सरकणे याहून कमी असते. वातानुकूलित प्रयोगशाळेत हे सांभाळता येते. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर ते कसे सांभाळावयाचे? यावर उपाय असा, की त्याच चिपेवर प्रतिपिंडे नसलेले दुसरे कडे ठेवावयाचे. उष्णतेने दोन्ही कडी सारखीच सरकतात, जंतूमुळे मात्र एकच. दोहोंतील फरक तेवढा खरा धरावयाचा.

त्याहून कठीण अडचण अनाहूत पाहुण्यांची. पावसाळ्यातील विहिरीच्या पाण्यात माती, शेवाळ, कुजलेल्या पानांचा अंश असे बरेच काही असते आणि यांतील पुष्कळसे काचेला विनानिमंत्रण चिकटते. चिपेला जंतू चिकटला काय आणि चिखल चिकटला काय, अपवर्तनांक वाढावयाचाच. पृष्ठभागावर चिकटपणा घालविणारा लेप देणे, नमुना आधी गाळून घेणे, चिकटलेले धुऊन काढणे, असे नाना उपाय योजले जातात. पण शुद्ध पाण्यात ई-कोलाय सोडून केलेल्या प्रयोगाचा आकडा आणि खऱ्या विहिरीच्या पाण्यावरचा आकडा यांत अंतर राहतेच. संशोधनाचा निबंध वाचताना नमुना कोठला होता, हे आधी पाहावे, असे या क्षेत्रातले जाणकार म्हणतात, ते उगाच नव्हे. प्रतिपिंडे ही प्रथिने असल्याने उष्णतेने व दमटपणाने खराब होतात, हीदेखील एक बाब आहे. लसीसाठी शीतसाखळी सांभाळण्याचे कष्ट आरोग्य कर्मचाऱ्यांना ठाऊक आहेतच.

तापाचे पहिले चार दिवस

पाण्याबरोबरच या साधनांकडून आणखी एक अपेक्षा आहे, आणि कोकणात तिचे महत्त्व विशेष आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर, गुरे आदी प्राण्यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात व चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आरोग्य यंत्रणा पावसाळ्यात या रोगावर लक्ष ठेवून असते. लवकर ओळखला तर तो साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसे यांवर हल्ला होऊन रोगी दगावतो.

अडचण अशी, की नेहमीची रक्ततपासणी जंतूला शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना शोधते. ही प्रतिपिंडे रक्तात पुरेशी दिसावयास ताप आल्यापासून पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे उपचाराचा सर्वाधिक उपयोग ज्या दिवसांत होतो, नेमक्या त्याच दिवसांत तपासणी 'रोग नाही' असे सांगण्याचा संभव असतो. याच कारणास्तव अनुभवी डॉक्टर निकालाची वाट न पाहता लक्षणांवरून औषध सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. पहिल्या आठवड्यात जंतू स्वतः रक्तात असतो. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वळलेला जंतू लांबीने सहा ते वीस मायक्रोमीटर असला तरी जाडीने जेमतेम शंभर नॅनोमीटर असतो, म्हणजे विरत्या लहरीच्या आवाक्यात जवळजवळ सबंध मावणारा. त्याच्या बाह्यावरणावरील एलआयपीएल-३२ हे प्रथिन संशोधकांचे आवडते लक्ष्य झाले आहे.

रक्तातील मूठभर जंतू थेट पकडण्याऐवजी त्यांचे जनुकद्रव्य आधी लक्षावधी पटींनी वाढवावयाचे आणि मग प्रकाशाने पाहावयाचे, हा दुसरा मार्ग. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र याच मार्गाचे. त्यातील छोट्या चिपेत जनुकद्रव्याची वाढ होते आणि चमकणाऱ्या रंगद्रव्याचा प्रकाश निकाल सांगतो. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली, आणि करोनाच्या साथीत ते अनेक छोट्या रुग्णालयांत पोहोचले. कड्याच्या चिपेइतके हे तंत्र नवलाचे वाटणार नाही; पण ते लहान ठिकाणी चालले. धुळीत, भारनियमनात चालणारे साधन आणि प्रयोगशाळेतच चमकणारे साधन यांत निवड करावयाची झाली, तर तालुक्याने पहिलेच निवडावे.

शंभर मिलिलिटरांत एक

आता पाण्याच्या त्या आकड्याकडे वळू. पवईच्या तंतूने एका मिलिलिटरात हजाराहून कमी जंतू ओळखले. हे यश मोठे आहे. परंतु पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, असे सांगते की शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही आढळता कामा नये. मिलिलिटरात हजार म्हणजे शंभर मिलिलिटरांत एक लाख. मानक आणि संवेदक यांत हे एवढे अंतर आहे.

चिप आणखी संवेदनशील केली, अगदी एकेक जंतू ओळखणारी केली, तरी हे अंतर आपोआप मिटत नाही, आणि ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. चिपेवर मावतो तो थेंब दहा मायक्रोलिटरांचा धरू. शंभर मिलिलिटरांत असे दहा हजार थेंब होतात. त्या सबंध पाण्यात एकच जंतू असेल, तर तो नेमका चिपेवरच्या थेंबात असण्याचा संभव दहा हजारांत एक. राखणदार कितीही दक्ष असला तरी चोर त्याच्या दारावरून गेलाच नाही, तर तो काय करणार! म्हणून केवळ चिपेची संवेदनशीलता वाढवून काम भागणार नाही. जंतूला चिपेपर्यंत आणून सोडण्याची व्यवस्थाही तेवढीच महत्त्वाची ठरते.

त्यात आणखी एक पेच आहे. टीसीएल पावडर घातलेल्या पाण्यातील मेलेला जंतूही प्रतिपिंडाच्या हाती सापडतो. त्याचे शरीर तसेच असते, प्रथिनेही तीच. चिप त्याला जिवंत जंतूइतकाच मान देते. नियमित क्लोरिन घालणाऱ्या ग्रामपंचायतीचे पाणी निर्धोक असूनही चिपेच्या लेखी दूषित ठरावे, हा अन्याय होय. गावातल्या साध्या बाटलीत ही चूक होत नाही, कारण मेलेला जंतू वाढत नाही आणि बाटली वाढीवरच चालते. जुन्या पद्धतीची सावकाशी ही केवळ उणीव नाही, तिच्यात एक शहाणपणही आहे, ते असे.

या दोन्ही पेचांतून एकच वाट निघू शकते आणि तिचा हिशेब कोणालाही मांडता येईल. शंभर मिलिलिटर पाणी जंतू अडविणाऱ्या बारीक गाळणपटलातून गाळावे. पटलावर अडकलेले सारे काही एका मिलिलिटर पोषकद्रवात ठेवावे आणि ते ३७ अंशांवर ठेवावे. अनुकूल स्थितीत ई-कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार असे दहा वेळा झाले की एकाचे १,०२४ होतात. यास साडेतीन तासही लागत नाहीत. पाण्यातून आलेला, थंडीने वा क्लोरिनने दुबळा झालेला जंतू वाढीला लागावयास आधी थोडा वेळ घेतो, म्हणून पाच-सहा तास धरावेत. फारच दुबळ्या जंतूंना त्याहूनही अधिक लागेल. एवढ्या वेळात एका मिलिलिटरात हजार जंतू होतात, आणि हजार जंतू ओळखणे २०११ मध्येच साधले आहे. मेलेले जंतू वाढत नसल्यामुळे वाढीआधी एकदा आणि नंतर एकदा असे दोनदा पाहिले, म्हणजे कोणते जिवंत होते, तेही कळते.

या वाटेवर चिपेला पिकोमीटरांच्या टोकाला जावे लागत नाही. लागतात त्या गोष्टी पाहिल्या तर गाळणी, उबदार पेटी आणि दर वेळी सारखाच निकाल देणारा, गढूळ पाण्याने न फसणारा संवेदक, एवढ्याच आहेत. जलसुरक्षकाला आजही जे काटेकोरपणे पाळावे लागते, ते मात्र तेव्हाही पाळावे लागेल: बाटली निर्जंतुक हवी, क्लोरिन घातलेल्या पाण्यासाठी बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवे, नाही तर वाटेतच क्लोरिन आपले काम चालू ठेवतो आणि नमुना खोटा पडतो. बोटे बाटलीच्या तोंडाला लागता कामा नयेत. अशी चिप अद्याप ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या तपासणीत आलेली नाही. कोणत्याही योजनेखाली ती आणावयाचे ठरले, तर विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न 'किती कमी जंतू ओळखते' हा नसून 'किती पाण्यातले ओळखते, आणि मेलेले वगळून की धरून' हा असावा.

मंडणगडच्या एखाद्या वाडीत सकाळी सात वाजता टाकीतून नमुना घेतला, तर या हिशेबाने दुपारी एक-दीडपर्यंत निकाल हाती यावा. संध्याकाळचे पाणी सोडण्याआधी झडप उघडावी, की आधी टीसीएलचा डोस वाढवून थांबावे, हे ठरवावयास तेवढा वेळ पुरतो.